परस्थळाचा न्याय: अमेरिकेंतील दोन न्यायालयांची कथा

मराठ्यांच्या काळच्या निवाडपत्रांतून 'परस्थळ' हा एक शब्द भेटतो. वतनाचा किंवा वडीलपणाचा वाद गांवच्या गोतसभेपुढें आला, आणि प्रतिपक्षाचें वजन तेथें मोठें असल्यामुळें निवाडा सरळ होणार नाहीं असें एखाद्या पक्षकारास वाटलें, म्हणजे तो परस्थळ मागे. मग तोच वाद दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढें चाले. 'पंचामुखीं परमेश्वर' ही म्हण खरी. परंतु पंच जर प्रतिपक्षाचे सोयरे, शेजारी किंवा कुळें असले, तर परमेश्वराचा आवाजहि थोडा बदलतो, हें आपल्या पूर्वजांनीं ओळखलें होतें.

हाच प्रश्न अटलांटिक महासागरापलीकडे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुढें त्या राष्ट्राच्या जन्मापासून उभा राहिला. त्यांनीं त्यावर जो उपाय योजिला, त्याचा इतिहास सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळाचा आहे. प्रारंभीं तो सावकारांच्या उपयोगाचा होता. पुढें सरकारी अधिकाऱ्यांच्या, मग नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या, आणि अखेरीस आगगाड्यांच्या धनाढ्य कंपन्यांच्या. एकच दार, पण त्यांतून कोणास आंत घ्यावयाचें याविषयीं त्या देशाचें मत पिढीपिढीला बदलत गेलें.

प्रथम तेथील न्यायव्यवस्थेची मांडणी लक्षांत घेतली पाहिजे. तेथील 'संस्थानें' म्हणजे राजेमहाराजांचीं संस्थानें नव्हेत. तीं लोकनियुक्त राज्यें होत. प्रत्येक संस्थानाचीं स्वतःचीं न्यायालयें आहेत आणि पुष्कळ ठिकाणीं तेथील न्यायाधीश निवडणुकीनें येतात. त्यांच्या शेजारींच, कित्येकदां त्याच शहरांत, संघसरकारचीं वेगळीं न्यायालयें असतात. त्यांवरील न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सेनेटच्या संमतीनें नेमतो, आणि वर्तन शुद्ध असेपर्यंत त्यांस कोणी काढूं शकत नाहीं. भारतांत ही शिडी एकच आहे. मुंबईच्या दिवाणी न्यायालयांतील न्यायाधीश संसदेनें केलेला कायदा चालवितो आणि महाराष्ट्राच्या विधानमंडळानें केलेलाहि चालवितो. वर उच्च न्यायालय आणि त्याच्याहि वर सर्वोच्च न्यायालय. दावा एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत न्यावयाचा असेल, तर पक्षकारास सर्वोच्च न्यायालयापुढें कारणें मांडून हुकूम मिळवावा लागतो. अमेरिकेंत तसें नाहीं. संस्थानी न्यायालयांत ज्यावर दिवाणी दावा लागला आहे असा प्रतिवादी, कायद्यानें ठरविलेल्या कारणांपैकीं एखादें कारण असल्यास, संघ-न्यायालयांत एक सूचनापत्र दाखल करतो व त्याची प्रत संस्थानी न्यायालयास देतो. तेवढ्यानेंच दावा वर्ग होतो आणि संस्थानी न्यायाधीशाचे हात बांधले जातात. हक्क नसतां दावा आणला असें दिसून आलें, तर संघ-न्यायाधीश तो परत पाठवितो. 'वर्ग करणें' आणि 'परत पाठविणें' या दोन शब्दांभोंवतीं हा सारा इतिहास फिरतो.

इ. स. १७८३ सालीं इंग्लंडशीं तह झाला, त्याच्या चौथ्या कलमांत असें वचन होतें कीं, उभय देशांतील सावकारांस आपलें खरें कर्ज वसूल करण्यास कायद्याचा अडथळा येणार नाहीं. व्हर्जिनियांतील तंबाखूचे मळेवाले लंडन आणि ग्लासगो येथील व्यापाऱ्यांचे मोठे देणेकरी होते. युद्धांत ज्यांच्याशीं लढलों त्यांचेंच देणें आतां फेडावयाचें, हें त्यांच्या गळीं उतरत नव्हतें. आणि ज्यूरींत बसणारे गांवकरी तरी त्यांच्याहून निराळे कोठून असणार? तहाचें वचन कागदावर राहिलें. एका संस्थानाच्या व्यापाऱ्यास दुसऱ्या संस्थानाच्या न्यायालयांत परक्यासारखें वागविलें जाईल, ही धास्तीहि होतीच. इ. स. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें राज्यघटना तयार झाली, तेव्हां परकी नागरिक आणि भिन्न संस्थानांचे रहिवासी यांचे वाद संघाच्या न्यायकक्षेंत घालण्यांत आले. त्या घटनेच्या समर्थनार्थ लिहितांना अलेक्झांडर हॅमिल्टन यानें जें तत्त्व पुढें ठेविलें तें जुनेंच होतें: कोणीहि स्वतःच्या वादांत स्वतः न्यायाधीश होऊं नये.

परंतु घटनेंत दावा वर्ग करण्याविषयीं एक अक्षरहि नाहीं. तें काम पहिल्या काँग्रेसनें, म्हणजे तेथील विधिमंडळानें केलें. कनेक्टिकटचे सेनेटर ऑलिव्हर एल्सवर्थ यांचा ज्याच्या मसुद्यांत मुख्य हात होता, त्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यावर अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं २४ सप्टेंबर १७८९ रोजीं सही केली. त्याच्या बाराव्या कलमानें असें ठरविलें कीं, परकी माणसावर किंवा दुसऱ्या संस्थानाच्या नागरिकावर संस्थानी न्यायालयांत दावा झाला व वादाची रक्कम ५०० डॉलरांहून अधिक असली, तर प्रतिवादीनें पहिल्या हजेरीच्या वेळींच अर्ज करून आणि जामीन देऊन तो संघ-न्यायालयाकडे न्यावा. रकमेची ही अट मुद्दाम घातलेली होती. गरीब शेतकऱ्यास चारदोन डॉलरांसाठीं दूरच्या संघ-न्यायालयापर्यंत फरफटत जावें लागूं नये, हा तिचा हेतु होता. सर्वोच्च न्यायालयानें इ. स. १७९६ सालीं वेअर विरुद्ध हिल्टन या दाव्यांत निकाल दिला कीं, तहापुढें व्हर्जिनियाचा कायदा चालणार नाहीं; आणि ब्रिटिश सावकारांचा मार्ग मोकळा झाला.

यापुढील पायरी सरकारी अधिकाऱ्यांची. इ. स. १८१२ मध्यें इंग्लंडशीं पुन्हां युद्ध पेटलें. न्यू इंग्लंडकडील संस्थानांस तें युद्ध मुळींच नको होतें. शत्रूशीं चोरटा व्यापार चालूच होता. जकात-अधिकाऱ्यानें माल पकडला, कीं मालाचा धनी त्याच्यावरच संस्थानी न्यायालयांत नुकसानीचा दावा लावी. म्हणून इ. स. १८१५ च्या कायद्यानें अशा अधिकाऱ्यांस आपल्यावरील दावे संघ-न्यायालयांत नेण्याची मुभा दिली. युद्ध संपलें तरी प्रश्न संपला नाहीं. इ. स. १८३२ च्या नोव्हेंबरांत साउथ कॅरोलिना संस्थानानें संघाचा जकातीचा कायदा आपल्या हद्दींत रद्दबातल असल्याचा ठराव केला. हा ठराव मानण्याची शपथ न्यायाधीशांनीं आणि ज्यूरींनीं घ्यावी, सर्वोच्च न्यायालयाकडे अपील होऊं देऊं नये, इतकेंच नव्हे तर अपिलासाठीं कागदपत्रांची नक्कलहि देऊं नये, असें त्यांत होतें. न्यायाच्या दाराला आंतून कडी घालण्याचाच हा प्रकार! अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनीं माघार घेतली नाहीं. २ मार्च १८३३ रोजीं काँग्रेसनें केलेला कायदा सैन्यबळाच्या तरतुदीमुळें प्रसिद्ध आहे. पण त्यांतच जकात-अधिकाऱ्यांवरील दावे वर्ग करण्याची सोय होती, आणि संस्थानी कारकुनानें नक्कल नाकारली तर प्रतिज्ञापत्रावरून कागद नव्यानें तयार करावे, अशीहि व्यवस्था होती. एका कारकुनाच्या नकारामुळें राष्ट्राचा कायदा अडून पडूं नये, एवढी काळजी घ्यावी लागली. साउथ कॅरोलिनानें पुढें जकातीविरुद्धचा ठराव मागें घेतला. मात्र त्याच वेळीं या नव्या कायद्यास रद्दबातल म्हणण्यास ते चुकले नाहींत.

आतांपर्यंत या दारांतून सावकार गेले, व्यापारी गेले, अधिकारी गेले. यादवी युद्धानंतर मात्र अगदीं निराळा मनुष्य त्या दाराशीं येऊन उभा राहिला. गुलामगिरी संपली होती. पण कालपर्यंत जो मालमत्ता होता तो आज नागरिक झाला, हें दक्षिणेकडील न्यायालयांच्या मनांत उतरलें नव्हतें. इ. स. १८६६ सालीं काँग्रेसनें नागरी हक्कांचा कायदा केला. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनीं तो नाकारला. काँग्रेसनें ९ एप्रिल रोजीं त्यांचा नकार बाजूस सारून तो पक्का केला. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें, समानतेचे हक्क ज्यांस संस्थानी न्यायालयांत नाकारले जातात किंवा तेथें बजावतां येत नाहींत, त्यांस आपला दावा, मग तो दिवाणी असो वा फौजदारी, संघ-न्यायालयांत नेण्याचा अधिकार मिळाला. या कलमावर पुढील शंभर वर्षांचा इतिहास तोलला गेला आहे.

वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील व्हीलिंग या गांवीं टेलर स्ट्रॉडर नांवाचा एक कृष्णवर्णीय सुतार राहत असे. तो पूर्वीं गुलाम होता. इ. स. १८७४ सालीं त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यांत आला. ज्यूरींत एकवीस वर्षांवरील गौरवर्णीय पुरुषांनींच बसावें, असा त्या संस्थानाचा इ. स. १८७३ चा लेखी कायदा होता. खटला चालण्यापूर्वींच स्ट्रॉडरनें अर्ज केला कीं, या कायद्याखालीं येथें मला समान न्याय मिळणें शक्य नाहीं. खटला संघ-न्यायालयाकडे जावा. अर्ज फेटाळला गेला, खटला चालला, तो दोषी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १ मार्च १८८० रोजीं न्यायमूर्ति विल्यम स्ट्राँग यांनीं बहुमताचा निर्णय वाचला. ज्यूरींत आपल्या वर्णाचा मनुष्य असलाच पाहिजे असा हक्क कोणासहि नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. परंतु केवळ वर्णामुळें एका समाजास कायद्यानेंच ज्यूरीबाहेर ठेवणें म्हणजे त्या समाजाच्या कपाळीं हीनत्वाचा डाग देणें होय. स्ट्रॉडरचा अर्ज मान्य व्हावयास हवा होता; त्याची शिक्षा रद्द झाली.

त्याच दिवशीं त्याच न्यायालयानें दुसरा एक निर्णय दिला. व्हर्जिनियांतील पॅट्रिक परगण्यांत रेनॉल्ड्स आडनांवाच्या दोन कृष्णवर्णीय मुलांवर एका गोऱ्या माणसाच्या खुनाचा आरोप होता. ज्यूरी सगळी गोऱ्यांची. आपल्या वर्णाचीं कांहीं माणसें ज्यूरींत घ्यावीं ही त्यांची मागणी नाकारण्यांत आली; त्यांनीं खटला वर्ग करण्याचा अर्ज केला, तोहि नाकारला गेला. तेव्हां संघ-न्यायाधीश अलेक्झांडर राइव्ह्‌ज यांनीं खटला स्वतःकडे घेतला आणि त्या मुलांस संस्थानी तुरुंगांतून आपल्या ताब्यांत आणविलें. व्हर्जिनिया सर्वोच्च न्यायालयाकडे धांवली आणि तेथें ती जिंकली. कारण काय? व्हर्जिनियाच्या कायद्यांत 'गोरा' हा शब्द नव्हता. कायदा कोणास वगळीत नव्हता. वगळणारा होता तो यादी करणारा अधिकारी. कायद्यांतच दोष असेल तरच खटला आधींच वर्ग होईल. माणसाच्या वागण्यांत दोष असेल तर खटला तेथेंच चालूं द्यावा आणि मग अपिलानें दाद मागावी, असें न्यायालयानें ठरविलें. मुलें परत पाठविली गेलीं.

सर्वोच्च न्यायालयानें डोळे अगदींच मिटले होते असें म्हणतां येत नाहीं. त्याच दिवसाच्या तिसऱ्या एका निर्णयानें, ज्यूरीच्या यादींतून कृष्णवर्णीयांस वगळणाऱ्या व्हर्जिनियाच्या एका परगणा-न्यायाधीशावर संघसरकारनें ठेवलेला फौजदारी आरोप योग्य ठरविला गेला. शिवाय कायद्यांतील दोष कागदावर वाचतां येतो, तर माणसाच्या मनांतील दोष खटल्यापूर्वीं कसा सिद्ध करावा, ही अडचण खरीच होती. परंतु परिणाम व्हावयाचा तो झाला. कायद्यांत वर्णाचें नांव घालूं नये, आणि काम मात्र तेंच करावें, हा धडा दक्षिणेनें चटकन् आत्मसात केला. मिसिसिपीच्या इ. स. १८९० च्या घटनेंत मतदारांसाठीं वाचनाची आणि कराची अट आली. तींत वर्णाचा उल्लेख नव्हता, तरी हजारों कृष्णवर्णीय मतदार यादीबाहेर गेले, आणि मतदारांतूनच ज्यूरी निवडले जात असल्यानें ज्यूरींतूनहि गेले.

याच्या शेजारीं टेनेसी विरुद्ध डेव्हिस हें त्याच सालचें प्रकरण ठेवून पाहावें. डेव्हिस हा संघसरकारचा महसूल-अधिकारी. बेकायदा दारूची भट्टी पकडतांना झालेल्या चकमकींत त्याच्या हातून एक मनुष्य मेला. स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असें त्याचें म्हणणें. टेनेसीनें त्याच्यावर खुनाचा खटला भरला. सर्वोच्च न्यायालयानें तो खटला संघ-न्यायालयांत नेणें योग्य ठरविलें, कारण संघसरकार आपल्या माणसांच्या द्वारेंच काम करीत असतें. त्यांना संरक्षण नसेल तर सरकारच थांबेल. तर्क निर्दोष आहे. परंतु एकाच वर्षीं सरकारच्या नोकरासाठीं दार सताड उघडें राहिलें आणि कालच्या गुलामासाठीं त्याला फट तेवढी उरली, हें विसरतां येत नाहीं.

याच सुमारास त्या दारांतून आगगाड्यांच्या कंपन्या मात्र थव्यानें जाऊं लागल्या. सर्वोच्च न्यायालयानें इ. स. १८४४ पासून असें धरलें होतें कीं, कंपनी ज्या संस्थानाच्या सनदेनें निघाली त्याची ती नागरिक. त्यामुळें तिचे रूळ दहा संस्थानांतून गेले, तरी नऊ संस्थानांत ती परकीच! त्यांतच इ. स. १८७५ च्या कायद्यानें संघाच्या कायद्याखालीं उद्भवणारे वादहि वर्ग करण्याची मोकळीक वादी-प्रतिवादी दोघांसहि दिली. संघ-न्यायालयांत दाव्यांची गर्दी झाली. रुळांवर हात किंवा पाय गमावलेला मजूर आपल्या परगण्याच्या न्यायालयांत दावा लावी. कंपनी तो दूरच्या शहरांतील संघ-न्यायालयांत नेई. तेथें जाण्याचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, वर्षानुवर्षांची दिरंगाई. मग मजूर थकून थोडक्यांत तडजोड करी. इ. स. १८८७ सालीं काँग्रेसनें हें दार आवळलें. रकमेची मर्यादा २,००० डॉलर केली आणि वर्ग करण्याचा हक्क सामान्यतः प्रतिवादीपुरताच ठेविला. मजुरांचे वकीलहि हुशार झाले. दोन हजारांहून अधिक नुकसान असतांहि ते मर्यादेच्या आंतलीच रक्कम मागत. किंवा कंपनीबरोबर त्याच गांवच्या मुकादमासहि प्रतिवादी करीत, म्हणजे 'प्रतिवादी परसंस्थानचा' ही सबब उरत नसे. अखेर आगगाडीच्या मजुरांच्या दुखापतीचा जो संघीय कायदा इ. स. १९०८ मध्यें झाला, त्यांत १९१० सालीं दुरुस्ती होऊन ठरलें कीं, मजुरानें संस्थानी न्यायालय निवडलें असेल तर कंपनीला दावा तेथून हलवितां येणार नाहीं.

इ. स. १८८७ च्या त्या कायद्यांत आणखी एक लहानसें वाक्य होतें. संघ-न्यायाधीशानें दावा परत पाठविला, तर त्या हुकुमावर अपील नाहीं. हेतु दिरंगाई टाळण्याचा होता. पण त्यामुळें नागरी हक्कांचें तें जुनें कलम जवळजवळ झोंपीं गेलें. एखाद्या न्यायाधीशानें कृष्णवर्णीय आरोपीस परत पाठविलें, कीं वरचें न्यायालय त्याकडे पाहूंहि शकत नसे. ही स्थिति ७७ वर्षें टिकली. इ. स. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें अशा प्रकरणांपुरतें अपील पुन्हां खुलें केलें, आणि दोनच वर्षांत सर्वोच्च न्यायालयापुढें पुन्हां दोन प्रकरणें एकाच दिवशीं निकालास आलीं. जणूं १८८० चा तो मार्च महिना पुन्हां उजाडला.

तो दिवस २० जून १९६६. पहिलें प्रकरण जॉर्जियाचें. इ. स. १९६३ मध्यें अटलांटा शहरांतील उपाहारगृहांत कांहीं कृष्णवर्णीय मंडळी जेवण मागून शांतपणें बसून राहिली. उठण्यास नकार दिला म्हणून त्यांच्यावर आगळिकीचे खटले झाले. दुसरें मिसिसिपीचें. तेथें १९६४ सालीं मतदार-नोंदणीसारखीं कामें करणाऱ्या २९ जणांवर रस्ता अडविणें वगैरे आरोप ठेवलेले. अटलांटाची मंडळी जिंकली, कारण १९६४ च्या कायद्यानें अशा ठिकाणीं शांतपणें सेवा मागणाऱ्यास शिक्षा करण्याचा प्रयत्न करणेंहि निषिद्ध केलें होतें; केवळ वर्णामुळें उठविलें एवढें सिद्ध झालें, कीं खटला संस्थानी न्यायालयांत चालणें हाच अन्याय ठरे. मिसिसिपीची मंडळी मात्र पांच विरुद्ध चार मतांनीं हरली. आरोप खोटे असतील, न्यायाधीश पक्षपाती असेल. पण रस्ता अडविण्याचा हक्क कोणत्याहि संघीय कायद्यानें दिलेला नाहीं. प्रत्येक वेळीं संस्थानी न्यायाधीशाच्याच सचोटीचा खटला संघ-न्यायालयानें चालवावा काय, असा बहुमताचा प्रश्न होता. अल्पमतांतील चौघांचें म्हणणें असें कीं, खटला हेंच जेथें छळाचें साधन आहे, तेथें शेवटीं अपिलांत सुटका झाली तरी छळ भोगून झालेला असतो. दोन्ही बाजूंचें म्हणणें वजनदार आहे, आणि म्हणूनच हा वाद जुना होत नाहीं.

आज या हक्काचा वापर मुख्यतः मोठ्या व्यवहारांत दिसतो. भिन्न संस्थानांच्या पक्षकारांतील वादासाठीं रकमेची मर्यादा १९९६ च्या कायद्यानें ७५,००० डॉलर ठरलेली आहे; दिवाणी दावा वर्ग करण्यास सामान्यतः ३० दिवसांची मुदत असते. अनेकांच्या वतीनें लावलेल्या सामुदायिक दाव्यांसाठीं इ. स. २००५ च्या कायद्यानें ५० लाख डॉलरांवरील दाव्यांचा मार्ग रुंद केला. बाल्टिमोर शहरानें इ. स. २०१८ सालीं तेलकंपन्यांवर हवामानाच्या हानीबद्दल संस्थानी न्यायालयांत दावा लावला. कंपन्यांनीं तो वर्ग केला, न्यायाधीशानें परत पाठविला, प्रकरण २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि दावा कोणत्या न्यायालयांत चालावा एवढा एकच प्रश्न मिटण्यास २०२३ साल उजाडलें. हानि झाली कीं नाहीं, हा मुद्दा तोंवर तसाच पडून होता.

न्यायालय बदलल्यानें न्याय मिळतोच असें नाहीं, हें या इतिहासावरून दिसतें. दूरचें न्यायालय निःपक्षपाती असेल, पण तें दूर असतें. आणि दूर जाण्याची ऐपत ज्याच्यापाशीं आहे त्यालाच त्याचा अधिक उपयोग होतो. उलट, जवळच्या न्यायालयांत ज्याला आपलें म्हणणारें कोणी नाहीं, त्याला परस्थळ हेंच एक आशास्थान असतें. स्ट्रॉडर सुटला तो कायद्यांत 'गोरा' हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता म्हणून. रेनॉल्ड्स बंधूंच्या परगण्यांत तो शब्द कोणीं लिहिला नव्हता. लिहिण्याची गरजच नव्हती, कारण यादी करणाऱ्या प्रत्येकास तो पाठ होता. कायद्याच्या पुस्तकांत न लिहिलेला पक्षपात कोणत्या पुराव्यानें आणि कोणत्या वेळीं दाखवावा, या प्रश्नाचें पुरतें उत्तर अमेरिकेस आजवर देतां आलेलें नाहीं. आणि इतर कोणत्या देशानें तें दिलें आहे, असेंहि म्हणवत नाहीं.